खोडव्यातली सरळ रेघ

तात्या,

तुमच्या दहाव्याला कावळा पहिल्या हाकेला पिंडाला शिवला. ‘माणूस समाधानानं गेला, मागं काही राहिलं नाही,’ असं म्हणत नदीकाठची मंडळी हातपाय धुवायला उठली. मी तिथेच बसून राहिले. तुमचं काय राहिलं आहे ते मला थोड्या वेळापूर्वीच कळलं होतं.

कमल आली होती. कोरेगावकडची कमल, जिच्या डाव्या डोळ्याचा सीटी तीन वर्षांपूर्वी तुम्ही काढलात आणि मी वाचला. डोळा जागच्या जागी आहे, त्यात नजर नाही. तिने काकूंचा हात धरला आणि म्हणाली, “काकी, मशीनवर तात्यांच्या हातनं चूक झाली, पर ते सोता दारात येऊन सांगून गेलं. कोन येतं ओ असं? मी मनातनं कवाच काढून टाकलंय ते.” काकूंनी नुसती मान हलवली. मी हातभर अंतरावर उभी होते. माझ्याकडे तिने ओझरतं पाहिलं. ती मला ओळखतच नाही. मी तिला फक्त पडद्यावर पाहिलेली.

म्हणजे तुम्ही तिच्याकडे गेला होतात. जाऊन माझी चूक स्वतःच्या नावावर लावून आलात. त्यानंतरही रोज काचेच्या त्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलात आणि एका शब्दाने बोलला नाहीत. मला तुमचा भयंकर राग आला, तात्या. गेलेल्या माणसावर रागवू नये असं म्हणतात. पण तुम्ही गेलात म्हणून आपलं भांडण मिटलं, असं समजू नका. उलट आता तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून मी सगळं बोलून घेणार आहे.

साताऱ्याच्या त्या सीटी सेंटरमध्ये मी रुजू झाले तेव्हा माझी डिग्री नवी कोरी होती. सांगलीच्या हळद-व्यापाऱ्याची मुलगी, घरात पहिलीच डॉक्टर. तुम्ही फौजेत एक्सरे काढून निवृत्त झालेले, मिशीला तेल लावून वेळेच्या अर्धा तास आधी हजर. पहिल्याच दिवशी विचारलंत, “बाई, तुमी जैन न्हवं? मग दिवस मावळायच्या आत जेवत असाल.” मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून साडेपाच वाजले की तुम्ही दारात उभे. “बाई, दिवस चाललाय. डबा उघडा. पेशंटला टेबलावर घ्यायचं मी बघतो.” माझ्या आईनेसुद्धा माझ्या जेवणाची एवढी काळजी केली नसेल. थंडीत दिवस लवकर मावळतो हे तुम्हाला पंचांग न बघता माहीत असायचं. मला त्याचं अप्रूप वाटायचं, पण कधी तसं म्हणाले नाही. तुम्हाला आभार मानलेले आवडायचे नाहीत हे निमित्त होतं. खरं म्हणजे मला तेव्हा वाटायचं, एवढं काय, टेक्निशियन आहेत, करतात.

आता ती संध्याकाळ. पुढे पुढे आपण दोघांनीही तिचं नाव काढायचं टाळलं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

हिवाळ्याचे दिवस होते. कमल शेवटून दुसरी पेशंट. पापणीवर नाकाच्या बाजूला बारीकशी जखम, गावच्या डॉक्टरांनी दोन टाके घातलेले. चिठ्ठीवर एकच शब्द, ‘पडल्या’. डोळा सुजलेला, पण नजर चांगली होती. टेबलावर झोपताना तिने छताच्या पंख्याची पाती मोजून दाखवली होती, हे तुम्हीच मला नंतर सांगितलंत. तुम्ही फोटो काढून आत आलात आणि म्हणालात, “बाई, ही खोडव्यात पडलीया.” खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवर पुन्हा फुटणारं पीक, हे मला ठाऊक होतं. त्याचा माझ्या कामाशी काय संबंध, हे मात्र ठाऊक नव्हतं.

पडद्यावर नाकाकडच्या पातळ हाडाला तडा दिसत होता. डोळ्याचा गोल शाबूत. गोल आणि हाड यांच्या मधल्या चरबीत एक काळी रेघ. सीटीवर हवा काळी दिसते. हाडाला तडा गेला की नाकाशेजारच्या पोकळीतली हवा डोळ्याच्या खोबणीत शिरते. पुस्तकात तसं चित्र असतं आणि परीक्षेत ते विचारतात. मी लिहिलं, ‘हाडाला तडा, खोबणीत हवा, बाहेरची वस्तू आढळत नाही.’

तुम्ही मागे उभे होतात. “बाई, हवा कवा आशी सरळ रेघ मारती का? हवा गोल-गोल बसती, वर चढती. ह्याचं दोनी काठ बघा की, पट्टीनं मारल्यावानी हायती. जरा विंडो वाढवून बघा.”

विंडो म्हणजे पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्याची मर्यादा. ती रुंद केली की जे सरसकट काळं दिसतं त्यात फरक कळतो. हवा काळीच राहते, वाळलेलं लाकूड किंचित उजळतं. दोन बटणं दाबायची, दहा सेकंदांचं काम. मी घड्याळाकडे पाहिलं. खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर शेवटचं ऊन होतं. डब्यात भाकरी आणि मुगाची उसळ होती, दुपारपासून पोटात काही नव्हतं, आणि आता जेवले नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नाही. मी म्हटलं, “तात्या, फोटो तुम्ही काढा. रिपोर्ट मला लिहू द्या.” सही केली आणि डबा घेऊन आतल्या खोलीत गेले.

दोष नियमाचा नव्हता. माझी आजी तोच नियम पाळत चौऱ्याऐंशी वर्षं जगली आणि तिने कुणाचं नुकसान केलं नाही. एक दिवस उपाशी झोपले असते तर मी मरणार नव्हते. घाई माझी होती, आणि तुम्ही बोललात म्हणून आलेली चीडही माझीच होती.

बाराव्या दिवशी कमल परत आली. ताप, डोळा पुढे ढकललेला, पापणीतून पू. ऑपरेशनमध्ये सर्जनने बोटाच्या पेराएवढा उसाच्या बुडख्याचा तुकडा बाहेर काढला. काठ सरळ, टोक तिरकं, कोयत्याने कापलेलं. डोळा राहिला, नजर गेली. तो तुकडा तुम्ही सर्जनकडून मागून घेतलात, बाटलीत घालून आणलात आणि माझ्या टेबलावर ठेवला. ‘मी सांगितलं होतं,’ असं म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर बरं झालं असतं, मी निदान भांडले असते.

पुढच्या आठवड्यात तुम्ही एक उकडलेला बटाटा घेऊन आलात. “बाई, हे तुमी खात न्हाई. स्कॅनला डोळा म्हनून चालंल का?” त्या घटनेनंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. मग बटाटा नको, डोळ्यामागं चरबी असते, लोणी बरं, असं तुम्हीच ठरवलंत. प्लॅस्टिकच्या डब्यात लोण्याचा गोळा, त्यात वाळक्या बुडख्याची ढलपी, बाभळीचा काटा आणि बांगडीची काच. दुपारी पेशंट नसताना डबा टेबलावर ठेवून सीटी काढला. काच चकाकली. काटा आणि ढलपी काळी कुळकुळीत, हवेसारखी. विंडो वाढवली तशी ढलपी हळूहळू करडी झाली आणि तिचे दोन सरळ काठ वर आले. मग तुम्ही दुसरी ढलपी काढलीत, आठवडाभर मिठाच्या पाण्यात भिजवलेली. ती लोण्यात ठेवली तर काळी दिसेना. बाजूच्या लोण्यात अशी मिसळून गेली की जागा ठाऊक असूनही मला शोधावी लागली. तुम्ही म्हणालात, “बघा. सुरवातीला हवेत लपतंय, भिजलं की चरबीत लपतंय. चोर हाय, सदरा बदलतोय. ह्याला पकडायचं तर इचारायचं, कुठल्या रानात पडला?”

त्या दिवसानंतर डोळ्याच्या मारासाठी आलेल्या प्रत्येकाला तुमचे तीन प्रश्न ठरलेले. काय लागलं, कुठं लागलं, कुठल्या रानात. आणि ज्याने लागलं ती वस्तू घेऊन या. लोक आणायला लागले. कोयते, ट्रॅक्टरचे पत्रे, बाभळीच्या फांद्या, एकाने विटीदांडू. आणि रहिमतपूरचा तो गडी, ज्याच्या भावाला बैलाचं शिंग लागलं होतं. त्याने टेम्पोत घालून बैलच आणला. वॉचमन धावत आत आला. तुम्ही शांतपणे खाली गेलात, बैलाच्या मानेवर हात फिरवलात, दोन्ही शिंगांची टोकं चाचपलीत आणि वर येऊन मला सांगितलंत, “शिंग शाबूत हाय बाई, ढलपी उडालेली न्हाई. आत काय ऱ्हायलं नसंल.” आणि नव्हतंच. मी तरीही विंडो वाढवून दोनदा पाहिलं.

मी शिकले, तात्या. सगळं तुमच्याकडून शिकले. फलटणच्या त्या शेतमजुराच्या खोबणीतला काटा मी पहिल्या दिवशी पकडला तेव्हा सर्जननी फोन करून शाबासकी दिली. ती मी एकटीने घेतली. तुम्ही शेजारी बसून चहा पीत होतात. फोन मी तुमच्या हातात द्यायला हवा होता.

एका गोष्टीत मात्र तुमचं ऐकलं नाही. “बाई, कमलला सांगून टाका,” असं तुम्ही तीन वेळा म्हणालात. तिसऱ्या वेळी मी चिडून म्हटलं, “सांगून नजर परत येणार आहे का?”

“न्हाई यायची. पर तिला वाटतंय ती धडपडली म्हनून नजर गेली. सासू तिला रोज आंधळी म्हनती, चालायचं कळत न्हाई म्हनती. निदान ते तरी सुटंल.”

मी पुढच्या पेशंटचा फोटो उघडला. तुम्ही टोपी घातलीत आणि घरी गेलात. त्यानंतर तो विषय तुम्ही काढला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला माझं पटलं. तुम्ही तर सरळ एसटीत बसून तिच्या गावी गेला होतात.

दहाव्याहून परतल्यावर दोन दिवस मी स्वतःला समजावत होते. तुम्ही गेलात, कमलने माफ केलंय, सासूचं तोंडही बंद झालं असेल, सगळ्यांचं बरं चाललंय. मग लक्षात आलं, बरं चाललंय ते फक्त माझं. सेंटरच्या मालकांना जाऊन सांगितलं की मी कमलला खरं सांगणार आहे. ते म्हणाले, “तीन वर्षं झाली डॉक्टर, कशाला उकरून काढता? तिने दावा लावला तर?” म्हटलं, “लावू दे. रिपोर्टवर सही माझी आहे.” ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

रविवारी कमलच्या घरी गेले. तिने मला ओळखलं ते तुमच्या दहाव्याला आलेली बाई म्हणून. चहा टाकला. कपात ओतताना आधी बोटाने कपाचा काठ चाचपला, मग बोट तिथेच ठेवून धार सोडली. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, हे मी शिकले होते. ते असं दिसतं हे माहीत नव्हतं. 

मी सांगितलं. हात तात्यांचा चुकला नव्हता. फोटो त्यांनी चोख काढला होता. रेघ सरळ आहे, ही हवा नव्हे, असं त्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

“त्याच दिवशी सांगितलं हुतं?”

“हो.”

“मग तुमी का न्हाई ऐकलं?”

काहीतरी मोठं कारण सांगता आलं असतं. गर्दी होती, मशीन जुनं होतं. मी म्हटलं, “दिवस मावळत होता. मला जेवायला जायचं होतं.”

 तिने विचारलं, “जेवलात का मग?”

“जेवले.”

ती उठली. बाहेर कोंबड्या होत्या, त्यांना तिने उगीचच हाकललं. परत येऊन उंबऱ्यात बसली. “म्हातारा आला तवा मी त्याला लय बोलले हुते. पाण्याचा तांब्या बी दिला न्हाई. भर उन्हात तसाच माघारी गेला. दुसऱ्या खेपंला आला ते माझ्या सासूला सांगाया. ‘ह्या पोरीची काय चूक न्हाई, माझी हाय,’ म्हनला, हात जोडून. माझ्या सासूम्होरं हात जोडलं त्यानं. आता त्याला पाणी कुठं नेऊन देऊ मी?”

मला रडू आलं. तिने मला गप्प केलं नाही, तेच योग्य होतं. माफ केलं असंही ती म्हणाली नाही आणि मी मागितलं नाही. उठताना तिने सांगितलं, “आता मला तुमचा राग आलाय, आन् तो ऱ्हानार. पर त्या म्हाताऱ्याचं नाव धुऊन द्या. कागदावर लिवून द्या, मला वाचता येतंय. सासूला वाचून दाखवनार हाय.”

तुम्ही का केलंत असं, तात्या? मला वाचवायला? माझी नोकरी नवी, वय कमी, म्हणून? की मी सांगणार नाही हे तुम्हाला कळून चुकलं होतं, आणि कुणीतरी सांगायला हवं होतं? दुसरं कारण खरं असेल तर मला फार लागतं, आणि तेच खरं असावं. तुम्ही एक चूक केलीत. तुम्ही माझ्यावर ओरडायला हवं होतं. फौजेत पन्नास जवानांना रांगेत उभं करणारा माणूस, मला एकदा कान धरून कोरेगावच्या एसटीत बसवता आलं नाही? मी गेले असते. कुरकुर करत, पण गेले असते.

काल जुना रिपोर्ट उघडला आणि त्याखाली पुरवणी जोडली. रिपोर्ट नेहमी इंग्रजीत असतो. ही मराठीत लिहिली, कमलला वाचता यावी म्हणून. ‘मूळ रिपोर्टमध्ये हवा म्हणून नोंदलेली रेघ ही हवा नसून उसाच्या वाळलेल्या बुडख्याचा तुकडा होता. तो पहिल्याच फोटोत दिसत होता. टेक्निशियन शामराव यांनी त्याच वेळी ते ओळखून मला सांगितलं होतं. मी तपासून पाहिलं नाही. फोटो काढण्यात कोणतीही चूक नव्हती. चूक वाचणाऱ्या डॉक्टरची, म्हणजे माझी आहे.’ खाली सही केली. एक प्रत मालकांच्या टेबलावर ठेवली, एक कमलला पाठवली, एक काकूंना नेऊन दिली. काकूंनी ती तुमच्या फौजेच्या कागदांच्या पेटीत घातली.

तो बुडख्याचा तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. तो मी हलवणार नाही. यापुढे डोळ्याच्या प्रत्येक रिपोर्टखाली फोटो काढणाऱ्याचं म्हणणं लिहायला मी एक ओळ ठेवली आहे. माझी सही त्या ओळीच्या खाली येते.

आज संध्याकाळी पुन्हा एक डोळा आला. पाडेगावचे एक आजोबा, चिठ्ठीवर तोच एक शब्द, ‘पडले’. साडेपाच वाजून गेले होते. दारात कुणी उभं राहिलं नाही. सवयीने मी दाराकडे पाहिलं, आणि मग डबा परत पिशवीत ठेवला. तुमची खुर्ची ओढून आजोबांच्या शेजारी बसले आणि विचारलं, “आजोबा, कुठल्या रानात पडलात?”